घंटी वाजते, आवाज येत नाही: नॅटमागच्या फोनचा पत्ता दुरुस्त कोणी करायचा?

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारचे तीन वाजलेले, बाहेर नागपूरचं ऊन, आणि धरमपेठेतल्या माझ्या भाड्याच्या खोलीत कूलर घोंगावतोय. लॅपटॉपवरच्या सॉफ्टफोनवरून मी लॅबमधल्या फोनला कॉल लावला. घंटी वाजली, पलीकडे फोन उचलला गेला, स्क्रीनवर सेकंद मोजायला सुरुवात झाली. आणि पुढे काहीच नाही. नुसती शांतता. मिनिटभराने लॅबमधल्या मित्राचा मोबाइलवर फोन आला, "अगं, तुझा कूलर मस्त ऐकू येऊन राहिला इकडे. मी केव्हाचा बोंबलून राहिलो, तू काहून बोलून नाही राहिली?"

इंटरनेट टेलिफोनीत काम करणाऱ्या प्रत्येकाने हा आजार पाहिलेला असतो. घंटी दोन्हीकडे वाजते, आवाज एकाच बाजूने जातो. मला वाटलं, सेटिंगचा प्रश्न आहे, तासाभरात सुटेल. दोन आठवडे गेले. त्यापेक्षा वाईट म्हणजे त्या दोन आठवड्यांत मी एक चुकीचा निष्कर्ष काढून त्याचा आलेखसुद्धा तयार करून ठेवला होता. तो आलेख प्रगती सेमिनारच्या स्लाइडमध्ये जाता जाता राहिला. म्हणून हा लेख. तुमच्यापैकी जे नेटवर्कमध्ये पीएचडीचा विचार करताहेत त्यांना नॅट आणि एसआयपीची व्याख्या कुठल्याही पुस्तकात मिळेल. मला सांगायचंय ते पुस्तकात दोन ओळींत उरकलेलं असतं: फोन स्वतःचा पत्ता चुकीचा सांगतो, आणि तो दुरुस्त करायला वाटेत एकापेक्षा जास्त जण बसलेले असतात.

पाकीट आणि आतलं पत्र

इंटरनेटवरच्या कॉलमध्ये दोन वेगळी कामं चालतात. एक बोलणी ठरवण्याचं: कोणाला फोन करायचाय, तो उचलला का, ठेवला का. हे एसआयपी करतं. दुसरं प्रत्यक्ष आवाज नेण्याचं; ते आरटीपी करतं. दोघांचे पोर्ट वेगळे, आणि कित्येकदा वाटासुद्धा वेगळ्या. एसआयपीचा 'इन्व्हाइट' संदेश जातो तेव्हा त्याच्या पोटात एक छोटा मजकूर असतो. त्याला एसडीपी म्हणतात. माझ्या लॅपटॉपने पाठवलेला मजकूर साधारण असा होता (मूळ संदेश रोमन अक्षरांत असतो; इथे वाचून दाखवल्यासारखा लिहिते):

व्ही=०
ओ=- ४७११ १ आयएन आयपी४ १९२.१६८.१.२३
एस=-
सी=आयएन आयपी४ १९२.१६८.१.२३
टी=० ०
एम=ऑडिओ ४०००० आरटीपी/एव्हीपी ८
ए=पीटाइम:२०

आपल्या कामाच्या ओळी दोनच. 'सी' ची ओळ सांगते, आवाज या पत्त्यावर पाठवा. 'एम' ची ओळ सांगते, पोर्ट ४००००, आणि कोडेक क्रमांक ८, म्हणजे ए-लॉ. थोडक्यात, माझा लॅपटॉप लॅबच्या सर्व्हरला म्हणतोय, "मला ऐकवायचं असेल तर १९२.१६८.१.२३ वर ४०००० नंबरच्या दारावर या."

आता हा पत्ता जगात कुठेही पोचत नाही. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी, म्हणजे आरएफसी १९१८ (फेब्रुवारी १९९६) ने घरगुती वापरासाठी बाजूला काढलेले. तुमच्या हॉस्टेलमधल्या प्रिंटरचा पत्ताही हाच असू शकतो. घरचा राउटर बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटवरचा 'प्रेषक' पत्ता बदलून स्वतःचा टाकतो, आणि कोणत्या पोर्टवरून कोण बाहेर गेलं याची वही ठेवतो. उत्तर आलं की वही पाहून आत पोचवतो. हेच नॅट.

पण राउटर बदलतो ते पाकिटावरचं नाव. आतलं पत्र तो उघडत नाही, निदान उघडायला नको. त्यामुळे पाकिटावर सार्वजनिक पत्ता आणि आतल्या पत्रात "खोली नंबर तेवीस" अशी अवस्था होते.

मग घंटी तरी कशी वाजते? कारण एसआयपीचं उत्तर पाकिटावर आलेल्या पत्त्याकडे परत पाठवता येतं. त्यासाठी 'व्हाया' ओळीत 'रिसीव्ह्ड' आणि 'आरपोर्ट' अशा दोन नोंदी आहेत. 'आरपोर्ट' ची सोय ऑगस्ट २००३ च्या आरएफसी ३५८१ मध्ये आली. सर्व्हर म्हणतो, तू पत्रात काहीही लिही, पाकीट जिथून आलं तिथेच मी उत्तर टाकणार. म्हणून संकेतांची देवाणघेवाण नीट चालते. आवाजाला मात्र नवं दार हवं, आणि त्या दाराचा पत्ता फक्त आतल्या पत्रात आहे.

आता माझा कूलर लॅबमध्ये का ऐकू येत होता तेही कळेल. लॅबचा सर्व्हर सार्वजनिक पत्त्यावर होता. माझा लॅपटॉप त्याच्याकडे आवाज बिनदिक्कत पाठवत होता. उलट दिशेने सर्व्हर १९२.१६८ च्या शोधात होता. एकतर्फी आवाज दिसला की पहिला प्रश्न हाच विचारायचा: कोणाचा आवाज पोचत नाही? ज्याला ऐकू येत नाही त्याचा एसडीपी आधी उघडा. ज्याचा आवाज जात नाही त्याचा मायक्रोफोन तपासण्यात लोक निम्मा दिवस घालवतात.

फोनने असं खोटं बोलायचंच कशाला?

खरं तर फोन खोटं बोलत नाही. त्याला स्वतःचा बाहेरचा पत्ता माहीतच नसतो. पण मला जास्त दिवस छळणारा प्रश्न वेगळा होता. नॅटवरची पहिली आरएफसी, १६३१, मे १९९४ ची. एसआयपीची पहिली आरएफसी, २५४३, मार्च १९९९ ची. पाच वर्षं नॅट डोळ्यांसमोर असताना शहाण्या माणसांनी पत्ता मजकुराच्या आत का लिहिला?

याचं एक उत्तर एसडीपीच्या जन्मात सापडतं. एप्रिल १९९८ मध्ये आरएफसी २३२७ म्हणून एसडीपी आलं, ते मुख्यतः एमबोनसाठी. एमबोन म्हणजे इंटरनेटवरचं त्या काळचं मल्टिकास्ट जाळं. व्याख्यानं आणि परिषदा अनेकांना एकाच वेळी ऐकवण्यासाठीचं. तिथे 'सी' च्या ओळीत २२४ ने सुरू होणारा गटाचा पत्ता असायचा. तो कोणा एका माणसाचा नव्हताच, तो कार्यक्रमाचा पत्ता. जाहिरातीवर सभागृहाचं नाव छापावं तसा. ज्याला ऐकायचंय तो त्या गटात सामील होणार. तिथे "हा पत्ता माझा आहे का, बाहेरून दिसतो का" हा प्रश्न उद्भवत नाही. पुढे एसआयपीने तोच मजकूर दोन माणसांच्या कॉलसाठी उचलला, आणि सभागृहाच्या जागी प्रत्येकाला आपल्या घरचा पत्ता लिहावा लागला. फॉरमॅट तोच राहिला, त्यातल्या एका ओळीचा अर्थ बदलला. माझ्या मते या सगळ्या गोंधळाचं बीज तिथे आहे.

पत्ता बदलणारे तीन जण

पहिला दुरुस्तीवाला म्हणजे राउटर स्वतः. बऱ्याच घरगुती राउटरमध्ये 'एसआयपी एएलजी' नावाची सोय असते. ती ५०६० पोर्टवरचं पत्र उघडते, खासगी पत्ता खोडते आणि आपला बाहेरचा पत्ता लिहिते. ऐकायला छान वाटतं. पण हे काम दिसतं तितकं किरकोळ नाही. १९२.१६८.१.२३ ही बारा अक्षरं. त्याऐवजी लिहायचा पत्ता अकरा अक्षरांचा निघाला आणि 'ओ' व 'सी' दोन्ही ओळी बदलल्या, तर मजकूर दोन अक्षरांनी आखूड होतो. मग वर हेडरमध्ये लिहिलेली 'कंटेंट-लेंग्थ' ही बदलायला हवी. ती राहिली तर यूडीपीवर आलेला संदेश अपुरा म्हणून नाकारला जातो. उलट, नवा पत्ता दोन अक्षरांनी लांब असेल आणि लांबी जुनीच राहिली, तर शेवटची चार अक्षरं फेकली जातात. वरच्या उदाहरणात ती म्हणजे 'पीटाइम' चे २० आणि ओळ संपल्याच्या दोन खुणा. मग 'सी' ची ओळ कधी वर एकदाच असते, तर कधी प्रत्येक 'एम' खाली वेगळी; खाली असेल तर तीच चालते. दुरुस्तीवाल्याने फक्त वरची बदलली की झालं. शिवाय आरटीसीपी हा आवाजाचा हिशेब ठेवणारा प्रवाह पुढच्याच पोर्टवर असतो असं जुनं गृहीतक, आणि नॅट लगतचे दोन पोर्ट लगतच ठेवील याची खात्री नाही. म्हणून त्याचा पोर्ट वेगळा सांगायला २००३ मध्ये आरएफसी ३६०५ आणावी लागली.

एएलजीची दुसरी बाजू ऑक्टोबर २०२० मध्ये सॅमी कामकर या सुरक्षा संशोधकाने दाखवली. त्याने वेबपेजवरून ब्राउझरला एक लांबलचक फॉर्म ५०६० पोर्टवर पाठवायला लावला. पॅकेटचे तुकडे अशा हिशेबाने पाडले की एक तुकडा नेमका एसआयपीच्या 'रजिस्टर' संदेशासारखा सुरू व्हावा. राउटरमधल्या भोळ्या एएलजीला वाटलं, घरात फोन आहे, आणि त्याने बाहेरच्या माणसासाठी आतलं दार उघडून दिलं. या युक्तीचं नाव नॅट स्लिपस्ट्रीमिंग. त्यानंतर प्रमुख ब्राउझरांनी ५०६० आणि ५०६१ हे पोर्टच बंद केले.

दुसरा दुरुस्तीवाला म्हणजे सेवा देणाऱ्याचा सर्व्हर. त्याच्याकडे पाकीट आणि पत्र दोन्ही असतात, त्यामुळे तफावत त्याला दिसते. सगळ्यात सोपी युक्ती अशी: पत्रातला खासगी पत्ता काढा आणि पाकिटावरचा पत्ता टाका. ही युक्ती डेमोत हमखास चालते. कारण डेमोत घरात एकच फोन असतो, आणि बरेच राउटर शक्य असेल तर आतला पोर्ट तोच बाहेर ठेवतात. ४०००० चा ४००००. त्याच घरात दुसरा फोन आला आणि त्यानेही ४०००० मागितला की बाहेर त्याला भलताच पोर्ट मिळतो. सर्व्हरने लिहिलेला पत्ता बरोबर, दार चुकीचं.

म्हणून शहाणे सर्व्हर अंदाज बांधत नाहीत. ते दोन्ही बाजूंना स्वतःचाच पत्ता लिहून देतात, म्हणजे आवाज त्यांच्यामार्फत जाऊ लागतो, आणि मग थांबतात. फोनकडून पहिलं आरटीपी पॅकेट आलं की ते कोणत्या पत्त्या-पोर्टवरून आलं ते पाहतात आणि उत्तर तिथेच पाठवतात. पत्रात काय लिहिलंय याला किंमत नाही. याला 'लॅचिंग' म्हणतात. सप्टेंबर २०१४ च्या आरएफसी ७३६२ मध्ये त्याचं वर्णन आहे. कामेलिओसोबत वापरला जाणारा आरटीपीप्रॉक्सी किंवा आरटीपीइंजिन, आणि अॅस्टरिस्कमधला 'आरटीपी सिमेट्रिक' पर्याय, हे सगळे याच कुळातले.

लॅचिंगचे दोन दोष लक्षात ठेवा. एक, फोनने आधी काहीतरी पाठवलं पाहिजे. तो आधी ऐकायची वाट पाहत बसला तर सर्व्हरही त्याची वाट पाहत बसतो. "पहिले आप" मध्ये गाडी सुटते. दोन, पहिलं पॅकेट खऱ्या फोनचंच आहे हे कशावरून? २०१७ मध्ये 'आरटीपीब्लीड' नावाने जो दोष उघड झाला तो हाच. कोणीही परका सर्व्हरच्या पोर्टवर रिकामी पॅकेटं टाकत राहिला, आणि सर्व्हर त्यालाच ग्राहक समजला, तर दुसऱ्याचं संभाषण त्याच्याकडे वाहू लागतं. आरटीपीप्रॉक्सी आणि अॅस्टरिस्क दोन्हींना त्याची झळ लागली. उपाय म्हणजे एसआरटीपीने आवाज कूटबद्ध करणं, आणि एकदा लॅच झाल्यावर सहजी पत्ता न बदलणं.

तिसरा दुरुस्तीवाला फोन स्वतः. तो बाहेरच्या एखाद्या सर्व्हरला विचारतो, "मी तुला कोणत्या पत्त्यावरून दिसतोय?" हे स्टन. मार्च २००३ च्या आरएफसी ३४८९ मध्ये ते नॅट ओलांडण्याचा पूर्ण उपाय म्हणून आलं. ऑक्टोबर २००८ च्या आरएफसी ५३८९ मध्ये आद्याक्षरं तीच ठेवून पूर्ण नाव बदललं आणि म्हटलं, हे फक्त एक हत्यार आहे, उपाय नव्हे. कारण काही नॅट प्रत्येक नव्या समोरच्यासाठी वेगळा पोर्ट देतात; मग स्टन सर्व्हरला दिसलेला पोर्ट लॅबच्या सर्व्हरला लागू पडत नाही. आपली चूक एखाद्या मानकाने इतक्या सरळपणे मान्य केलेली मी फार कमी वेळा पाहिली आहे.

याच आरएफसीत माझी सगळ्यात आवडती गोष्ट आहे. स्टनच्या उत्तरात सार्वजनिक पत्ता चार बाइटमध्ये लिहिलेला असतो. काही नॅट इतके मदतीला टपलेले निघाले की आत येणाऱ्या कोणत्याही मजकुरात स्वतःचा पत्ता दिसला की तो बदलून टाकायचे. म्हणजे फोनने विचारलं "मी बाहेर कसा दिसतो", सर्व्हरने बरोबर उत्तर दिलं, आणि दारात राउटरने ते खोडून पुन्हा आतला पत्ता लिहिला. शेवटी स्टनला आपलं उत्तर एका ठरलेल्या आकड्याशी एक्सॉर करून, म्हणजे ओळखू येणार नाही अशा वेषात, आत न्यावं लागलं. मदतीपासून लपवून मदत!

स्टन, टर्न आणि सगळे शक्य पत्ते एकेक करून तपासणारं आइस, हे आज ब्राउझरमधल्या कॉलचं नेहमीचं तंत्र आहे. त्यावर स्वतंत्र लेख लागेल, इथे थांबते.

आपल्याकडचा जास्तीचा मजला

पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांतल्या आकृतीत घर, राउटर आणि मग थेट इंटरनेट असतं. आपल्याकडे मध्ये आणखी एक मजला आहे. आशिया-पॅसिफिकचे पत्ते वाटणाऱ्या एपनिककडचा आयपीव्ही४ चा सहज वाटायचा साठा १५ एप्रिल २०११ ला संपला, आणि भारतात घराघरांत ब्रॉडबँड आणि डेटा पोचला तो बराचसा त्यानंतर. प्रत्येक घराला सार्वजनिक पत्ता मिळणं शक्यच नव्हतं. म्हणून कंपनी आपल्या पातळीवर आणखी एक मोठं नॅट चालवते, कॅरिअर-ग्रेड नॅट. घरच्या राउटरला बाहेरच्या बाजूला जो पत्ता मिळतो तोही खासगीच. त्यासाठी एप्रिल २०१२ मध्ये आरएफसी ६५९८ ने १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा राखून ठेवला. तुमच्या राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता पाहा. शंभरने सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ मध्ये असेल तर तुम्ही दुसऱ्या मजल्याखाली आहात.

यामुळे पाकिटावरच्या पत्त्याचा अंदाजही डळमळतो. कंपनीच्या नॅटकडे सार्वजनिक पत्त्यांचा गठ्ठा असतो. एकाच घराचे संकेत एका पत्त्यावरून आणि आवाज दुसऱ्याच पत्त्यावरून बाहेर पडला तर? असं करू नये, एका घराला एकच पत्ता द्यावा, हे आरएफसी ६८८८ (एप्रिल २०१३) ला मुद्दाम लिहावं लागलं.

तुम्ही म्हणाल, मग मोबाइलवरून घरच्या वायफायवर कॉल कसे व्यवस्थित लागतात? जिओचं जाळं सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झालं तेच व्होल्टीवर, आणि व्होल्टीतही संकेतांसाठी एसआयपीच आहे. जानेवारी २०२० मध्ये त्यांनी वायफाय कॉलिंगही आणलं. तिथे गंमत अशी की पत्र दुरुस्त करायची वेळच येत नाही. फोन आधी कंपनीच्या दारापर्यंत आयपीसेकचा कूटबद्ध बोगदा काढतो आणि बोगद्याच्या आत कंपनीचाच पत्ता घेतो. घरच्या राउटरला फक्त बोगदा दिसतो; नॅटची कटकट बोगद्याच्या पातळीवर संपते, आणि आतल्या एसडीपीतला पत्ता खरा असतो. जुलै २०१८ मध्ये बीएसएनएलने जाहीर केलेल्या 'विंग्ज' सारख्या सेवेचं गणित वेगळं: अॅप कोणाच्याही इंटरनेटवरून चालवायचं म्हटलं की मधले राउटर कोणाचे आणि कसे यावर सेवा देणाऱ्याचा ताबा नसतो. माझा लॅपटॉप आणि लॅबचा सर्व्हर याच जातीचे.

मदत झालेला कॉल आणि न झालेला कॉल

आता माझ्या चुकीकडे येते. माझं काम वेगवेगळ्या जोडण्यांवरून लावलेल्या कॉलचा दर्जा मोजायचं. एक मालिका घरमालक काकांच्या ब्रॉडबँडवरून, दुसरी माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून. सर्व्हर दोन्हींना सारखाच, त्यात पत्ता दुरुस्त करण्याची सोय चालू. निकाल स्पष्ट दिसत होता: हॉटस्पॉटचे कॉल छान, ब्रॉडबँडच्या कॉलमध्ये सर्व्हरकडून येणाऱ्या दिशेला पॅकेटं शंभर टक्के गायब. मी लिहून टाकलं की या भागात आवाजासाठी मोबाइल डेटा तारेच्या जोडणीपेक्षा भरवशाचा. स्लाइड तयार. शीर्षकही जरा आकर्षक दिलं होतं, खोटं कशाला बोलू.

सेमिनारच्या आदल्या आठवड्यात गाइड मॅडमनी एकच विचारलं, "शंभर टक्के? एकही पॅकेट नाही? गर्दीमुळे असं होतं का कधी?" नाही होत. गर्दी असली की काही जातात, काही राहतात. एकही न पोचणं म्हणजे पत्ताच चुकलेला. हे मला आधी सुचायला हवं होतं.

त्या रात्री मी पहिल्यांदा दोन्ही टोकांना एकाच वेळी वायरशार्क लावलं. तोवर फक्त लॅपटॉपवर पाहत होते, आणि लॅपटॉपवर सगळं अपेक्षेप्रमाणेच दिसत होतं: 'सी' च्या ओळीत १९२.१६८.१.२३. सर्व्हरवर पोचलेल्या त्याच संदेशात मात्र १००.६४.९.१७ होतं.

काकांच्या राउटरमधला एएलजी चालू होता. त्याने इमानदारीने पत्र उघडलं, खासगी पत्ता खोडला आणि स्वतःचा बाहेरचा पत्ता लिहिला. कंटेंट-लेंग्थसुद्धा बरोबर बदलली. फक्त त्याचा तो 'बाहेरचा' पत्ता खालच्या मजल्यापुरताच बाहेरचा होता. पुढे कंपनीच्या नॅटने पाकीट बदललं. पत्राला हात लावला नाही.

सर्व्हरवर चालणारी स्क्रिप्ट मी एका जुन्या प्रकल्पातून जशीच्या तशी उचललेली. तिचा नियम असा: एसडीपीतला पत्ता १०, १७२.१६ ते १७२.३१ किंवा १९२.१६८ पैकी असेल तर फोन नॅटमागे आहे असं समज, आणि लॅचिंग सुरू कर. नाहीतर पत्त्यावर विश्वास ठेव. १००.६४ तिच्या यादीत नव्हताच. हॉटस्पॉटवरून येणारा पत्ता उघडउघड खासगी होता, म्हणून सर्व्हरने तो दुरुस्त केला आणि कॉल चालला. ब्रॉडबँडवरून येणारा पत्ता अर्धवट दुरुस्त होऊन आला होता, म्हणून तो सर्व्हरला खरा वाटला आणि कॉल मुका झाला. ज्याला वाटेत कोणी मदत केली नाही तो वाचला!

सगळ्यात जास्त चीड आणणारी गोष्ट म्हणजे सर्व्हरकडे बरोबर उत्तर सतत येत होतं. माझ्या कूलरचा आवाज घेऊन येणाऱ्या प्रत्येक पॅकेटच्या पाकिटावर खरा पत्ता आणि खरा पोर्ट होता. सर्व्हर ते पॅकेट घ्यायचा, आणि उत्तर १००.६४.९.१७ ला पाठवायचा.

दोन दुरुस्तीवाले एकमेकांना न सांगता काम करतात तेव्हा काय होतं हे जुन्या लोकांनाही ठाऊक होतं. म्हणूनच आरटीपीप्रॉक्सी वापरणारे सर्व्हर पत्ता बदलल्यावर एसडीपीत 'ए=नोआरटीपीप्रॉक्सी:येस' अशी एक ओळ जोडतात: बाबांनो, मी केलंय, पुन्हा करू नका. पण ही खूण आपसातली. राउटर अशी कुठलीही चिठ्ठी ठेवत नाही. पत्रावर सही करून हा प्रश्न सुटेल असंही एकदा वाटलं होतं. २००६ च्या आरएफसी ४४७४ मध्ये पाठवणाऱ्याच्या बाजूचा सर्व्हर एसडीपीसकट संदेशावर सही करायचा. पुढे वाटेतल्या सर्व्हरांनी पत्ता बदलला की सही मोडायची. फेब्रुवारी २०१८ च्या आरएफसी ८२२४ ने पूर्ण मजकुरावरची सही सोडून दिली आणि कोणी, कोणाला, केव्हा, एवढ्यावर आणि कूटकिल्लीच्या ठशावर ती आणली. पत्ता बदलला जाणार, हे मानकाने गृहीतच धरलं.

मी दोन बदल केले. स्क्रिप्टमधली यादी काढून टाकली. आता सर्व्हर पत्रातला पत्ता आणि पाकिटावरचा पत्ता यांची तुलना करतो. जुळले नाहीत तर, पत्रातला कितीही सार्वजनिक दिसो, लॅचिंग. आणि लॅपटॉप ते सर्व्हर एसआयपी टीएलएसवरून नेलं, म्हणजे राउटरला पत्र वाचताच येत नाही. एएलजी बंद करणं सोपं होतं, पण राउटर काकांचा, त्याचा पासवर्ड केबलवाल्याकडे, आणि माझ्या मोजमापासाठी लोकांच्या घरी असतात तसेच राउटर हवे होते. एसआरटीपी सुरू केलं, ते आरटीपीब्लीड वाचून आलेल्या भीतीने.

जुन्या रांगा मी पुसल्या नाहीत. डेटामध्ये दोन नवे रकाने वाढवले: पाठवताना एसडीपीत असलेला पत्ता आणि पोचताना असलेला पत्ता. जुन्या कॉलच्या पोचलेल्या संदेशांचे लॉग सर्व्हरवर होते, त्यामुळे दुसरा रकाना मागचाही भरता आला. ब्रॉडबँडच्या मालिकेत वरपासून खालपर्यंत १००.६४.

जुलैत पाऊस सुरू झाल्यावर सगळे कॉल पुन्हा लावले. कूलर झाकून ठेवलेला होता, त्यामुळे पलीकडचा मित्र तक्रार करत होता की आता आवाज येतोय की नाही ते मी बोलल्याशिवाय कळतच नाही. ब्रॉडबँड आणि हॉटस्पॉटमधला फरक इतका कमी झाला की त्याच्यावर एक परिच्छेदसुद्धा निघेना. मॅडमनी आलेख पाहिला आणि म्हणाल्या, "बरं झालं. आता ते दोन रकानेच घेऊन बस."